दर्शनी भागाचं श्राद्ध

पाऊस परतलेला असतो आणि धूर अजून यायचा असतो, असे थोडे आठवडे दिल्लीला दरवर्षी मिळतात. मेट्रो यमुना ओलांडते तेव्हा काठावर पांढरंशुभ्र कास फुललेलं असतं, आणि डब्यातली एकूण एक माणसं मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असतात. संध्याकाळी मयूर विहारच्या रस्त्यांवर सातवीण फुलते. तिच्या उग्र वासाने आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचं डोकं दुखतं, आणि उरलेले निम्मे ती झाडं कधी तोडणार म्हणून विचारत असतात. लोकांच्या लेखी हे दिवस म्हणजे एसी बंद करायचे आणि एअर प्युरिफायर पुसून ठेवायचे. माझ्या लेखी हा चुन्याचा मोसम.

चुन्याचे नखरे फार. त्याला इथलं ऊन सोसत नाही, इथली थंडी सोसत नाही आणि धो धो पाऊस तर नाहीच नाही. हवेत थोडी ओल हवी, ऊन कोवळं हवं, आणि लावणाऱ्याला घाई नसावी. दिल्लीत या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या तर याच दिवसांत. हौदात भिजत पडलेल्या चुन्याचा एक वास असतो, थंड आणि किंचित तिखट. त्यात विटांची भुकटी पडली की चुन्याला ओल्या विटेसारखा गुलाबी रंग येतो. हा वास आला की मला आपोआप बरं वाटायला लागतं, मग आजूबाजूला कितीही मूर्ख माणसं असोत.

जुन्या इमारतींचं बाहेरचं अंग नीट करणं हा माझा धंदा. "म्हणजे पेंटिंग का?" असं लोक विचारतात आणि मी हो म्हणते. समजावत बसायचा उत्साह कधीच संपला. माझा मुलगा इथेच जन्मला, इथेच वाढला. त्याच्यासमोर गिलावा म्हटलं की तो म्हणतो, "आई, प्लास्टर बोल ना यार, गिलावा कोण बोलतं?" खरंच आहे. तो शब्द ज्या भिंतींवर होता त्या भिंतीच आता कुणाला नकोत.

तर हे दिवस आले की मला करोल बाग आठवते आणि डोक्यात तिडीक जाते.

करोल बागेत, सोन्याच्या पेढ्या आणि मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं यांच्यामधल्या एका गल्लीत आमच्या मराठी मंडळाची इमारत आहे. इंग्रजांच्या काळात सरकारी नोकरीसाठी इथे आलेल्या कारकुनांनी ती बांधली. आपल्या भाषेत चार शब्द बोलता यावेत आणि आमटी-भात मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा. बांधायला माणसं इथलीच, म्हणून रूपही इथलंच आलं. पाकळ्यांच्या कमानी, खिडक्यांभोवती चुन्यात काढलेल्या वेली, आणि पहिल्या मजल्यावर कोरीव टेकूंवर तोललेला लांबलचक दगडी छज्जा. त्या कारकुनांना यात काही वावगं वाटलं नाही. आपण मराठी आहोत याची त्यांना खात्री होती, त्यामुळे ते भिंतीकडून वदवून घ्यायची गरज त्यांना पडली नसावी.

आमच्या पिढीला पडली. काही वर्षांपूर्वी पाऊस सुरू होता होता मंडळाची सभा झाली आणि दर्शनी भाग नवा करायचं ठरलं. सचिव होते देवस्थळी. नोएडाच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मूळचे पुण्याचे, आणि या मूळचेपणाची आठवण ते दर दहा मिनिटांनी करून देतात. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. आमच्या इमारतीच्या तोंडावर किल्ल्याचा दरवाजा चढवलेला, दोन बाजूंना फायबरचे बुरूज, वर भगवा प्रकाशझोत. सभेने टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला.

"याच्या मागे जे आहे त्याचं काय करणार?"

"ते झाकलं जाईल मॅडम," देवस्थळी म्हणाले. "तसंही ते काय आपलं नाही. मुघल टाइप आहे."

"आपल्याच माणसांनी बांधलंय ते."

"हो, बट बाहेरून बघणाऱ्याला कळायला नको का, हे मराठी माणसाचं आहे म्हणून? इम्पॅक्ट पाहिजे."

मी पुष्कळ बोलले. चुना काय असतो, कमान कशी तोललेली असते, ही वेल आता काढणारा हात मिळणार नाही, वगैरे. लोक माझ्याकडे ज्या चेहऱ्याने पाहत होते तो मी चांगला ओळखते. लग्नात कुणी बुफेच्या रांगेत उभं राहून मधुमेहावर बोलायला लागलं की असाच होतो.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून निर्मलाताई उठल्या. त्यांचे वडील, अण्णा, त्या कारकुनांपैकीच एक. लग्नाआधी आणि लग्नानंतरही त्यांचं सगळं आयुष्य दिल्लीत गेलं. तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या आसपास होत्या, मयूर विहारलाच माझ्या पलीकडच्या सोसायटीत एकट्या राहायच्या.

"बुरूज लावा नाहीतर तोफा लावा," त्या म्हणाल्या. "माझा छज्जा राहणार का, तेवढं सांगा."

त्यांचा छज्जा म्हणजे काय, ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. पितृपक्षात करोल बागेतली मराठी घरं त्या छज्ज्यावर पान ठेवायची. वाचनालयाची खिडकी उघडायची, हात बाहेर काढून पान दगडावर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. कावळे यायचे. भाड्याच्या खोल्यांतल्या माणसांना दुसरी जागा कुठे होती? पुढे लोक पांगले, द्वारका, नोएडा, गुरुग्रामला गेले, फ्लॅट झाले, आणि फ्लॅटच्या बाल्कन्यांना कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळ्या लागल्या. कावळ्याला टेकायला वीतभर जागा दिल्लीच्या मराठी माणसाने घराजवळ ठेवलेली नाही. म्हणून सर्वपित्रीला अजूनही थोडे लोक डबे घेऊन मेट्रोने करोल बागेत यायचे. निर्मलाताईंचं एकही वर्ष चुकलं नव्हतं.

माझा या प्रकारावर विश्वास नाही. कावळा हा माझ्या लेखी कावळा आहे आणि मेलेला माणूस मेलेला. पण इमारतीचा एखादा दगड इतकी वर्षं एकाच कामाला येतो, हे मला देवळातल्या देवापेक्षा जास्त पटतं. शिवाय मी त्यांच्यासोबत गेलेय. पान ठेवल्यावर त्या खिडकीतून बाहेर बघत हळू आवाजात बोलतात. "अण्णा, या या. वडे आहेत, खीर आहे, आमसुलाची चटणी आहे. धाकट्या सुधाचं ऑपरेशन नीट झालं. काळजी करू नका." मग कावळा येतो, चोच मारतो, आणि त्या पदर डोळ्यांना लावतात. ते पाहताना माझा अविश्वास काही कामाचा राहत नाही.

"राहील, राहील," देवस्थळी सभेत त्यांना म्हणाले. ज्या सुरात लहान मुलाला फुगा घेऊन देईन म्हणतात, तो सूर.

किल्ला काही झाला नाही. पण तो माझ्या बोलण्याने टळला असं मुळीच नाही. रस्त्यापलीकडच्या बँक्वेट हॉलने लग्नसराईसाठी अगदी तस्सेच बुरूज उभे केले, आणि मग आमच्या मंडळींना ते हलकं वाटायला लागलं. त्याच सुमारास देवस्थळी राजस्थानात एका राजवाड्याच्या हॉटेलात सुट्टी घालवून आले आणि त्यांना हेरिटेज हा शब्द सापडला. पुढच्या सभेत तेच माझ्या बाजूने बोलत होते. "मॅडम बरोबर म्हणत होत्या. आपल्याला हेरिटेज लुक जपायचाय." लुक. नवऱ्याने बायकोचा फोटो सांभाळून ठेवावा आणि तिला घराबाहेर काढावं, तसा तो शब्द मला लागला.

मी म्हटलं, काम मी बघते, फुकट बघते. माझा हौद आहे, चुना भिजलेला आहे, मोसम येतोच आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि गणपतीतल्या कार्यक्रमात मला व्यासपीठावर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. ज्याला बाजूला करायचं त्याला आपल्याकडे शाल देतात, हे इतकी वर्षं मराठी मंडळात काढून मला कळायला हवं होतं. मी शाल पांघरून, नारळ हातात धरून, हसत फोटो काढून घेतला. दुसऱ्या आठवड्यात काम बत्रा नावाच्या कंत्राटदाराला गेलेलं होतं.

बत्राजी मोकळा होता, कारण पितृपक्ष लागला होता. इथे त्याला श्राद्ध म्हणतात आणि त्या पंधरवड्यात दिल्लीत कुणी नवं काम काढत नाही. "आपण नवं कुठे करतोय? रिपेअर आहे," देवस्थळी म्हणाले. घटस्थापनेला उद्घाटन ठरलं होतं, पाहुणे ठरले होते, घाई होती. चुना आणि घाई हे एका वाक्यात बसत नाहीत, म्हणून त्यांनी चुना काढून टाकला.

मी गेले तेव्हा परांची बांधून झालेली होती आणि विजेच्या हातोड्यांनी गिलावा फोडणं चाललं होतं. गल्ली पांढऱ्या धुळीने भरली होती. तो चांगला गिलावा होता. सहज सुटत नव्हता, विटांचे टवके घेऊन पडत होता. ज्याला तुम्ही जीर्ण म्हणता तो असा विटेला धरून राहतो का हो, असं मी देवस्थळींना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, आता सिमेंट आणि वरून वेदरप्रूफ. दहा वर्षांची गॅरंटी." मी सांगितलं की या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटने तिचं तोंड बंद होईल, मग आत खाराचा लोणा लागून विटा भुसभुशीत होतील. ते म्हणाले, "पण तोपर्यंत दिसेल तर छान?" हे त्यांनी खरोखर विचारलं, खोडसाळपणा नव्हता. त्यांच्या मते इमारत ही दिसण्यासाठी असते. त्यांच्या कंपनीतल्या माणसांबद्दलही त्यांचं हेच मत असावं.

वेलींचे तुकडे खाली गोणीत भरत होते. त्यातलं एक पान मी उचललं. मागच्या बाजूला काढणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. वर बसवायला नव्या वेली तयार येऊन पडल्या होत्या, साच्यातल्या, एकसारख्या, प्लास्टिकच्या पिशवीत. बत्राजीने कौतुकाने दाखवल्या. "देखो जी, बिल्कुल सेम टू सेम. शादी वाले हॉल में भी यही लगाया है." म्हणजे बँक्वेट हॉलपासून सुटका नव्हतीच.

वाचनालयात तेव्हा यूपीएससीवाली मुलं अभ्यासाला बसायची. लातूरची, बुलढाण्याची, नंदुरबारची. कानात बोळे घालून, हातोड्यांच्या आवाजात, कला आणि संस्कृती पाठ करत होती. मी खिडकीशी हताश उभी. शेजारच्या मुलीच्या पुस्तकात कमानींची चित्रं होती, नावांसकट, आणि तिच्या डोक्यावर तीच कमान फुटत होती.

"अगं, वर बघ जरा," मी म्हटलं. "तुझ्या पुस्तकातली आहे ती."

तिने बोळा काढला, वर पाहिलं, पुस्तकात पाहिलं. "अच्छा. पण मॅडम, मॉडर्नमधली आहे ना ही? त्यात फारसं विचारत नाहीत."

मला तिचा राग आला नाही. ती निदान काय कशासाठी करते आहे ते जाणत होती. उद्या जिल्हाधिकारी होईल आणि तिच्या जिल्ह्यातल्या सगळ्या जुन्या वास्तू एका रंगात रंगवेल, पण तो पुढचा प्रश्न.

सर्वपित्रीच्या सकाळी मी आणि निर्मलाताई मेट्रोने निघालो. यमुनेवर कास वाऱ्याने आडवं होत होतं. निर्मलाताईंच्या मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. त्यांनी पहाटे उठून सगळं केलं होतं, घारगेसुद्धा, कारण अण्णांना घारगे आवडायचे. "या वर्षी फार नाही ना गं बदललेलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, कारण छज्जा शाबूत असल्याचं मी स्वतः पाहिलं होतं.

परांची उतरलेली होती. इमारत फिक्या बदामी रंगाची झाली होती, सगळीकडून सारखी, नुकतीच इस्त्री केल्यासारखी. वेली जागच्या जागी. छज्जाही जागच्या जागी. त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टीलचे खिळे, टोकं वर करून, ओळीत बसवलेले. उन्हात चमकत होते.

"कबूतर का पक्का इलाज," बत्राजी म्हणाला. त्याची काही चूक नव्हती. त्याला इमारत स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं.

वाचनालयाच्या खिडकीशी पाच-सहा माणसं आपापलं पान हातात धरून उभी होती. कुणी द्वारकेहून आलेलं, कुणी फरिदाबादहून. बाहेर विजेच्या तारांवर कावळे येऊन बसले होते. त्यांना दिवस बरोबर ठाऊक असतो. एक-दोघं छज्ज्यापर्यंत येत, पंख फडफडवत, पाय टेकायला जागा शोधत आणि परत तारेवर जात. गच्चीला कुलूप, कारण तिथे नव्या दिव्यांच्या वायरी होत्या. इतकी शिकलेली माणसं, त्यांतले निम्मे त्या सभेला हजर होते, टाळ्या वाजवल्या होत्या, आणि आपल्याच पितरांच्या ताटावर खिळे ठोकून आता हातात खीर घेऊन उभे होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

देवस्थळी आले. त्यांनी डोक्याला हात लावला, मिनिटभर विचार केला, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथूनच भटजींना फोन लावला.

"सोल्यूशन आहे," ते म्हणाले. "दर्भाचा कावळा. शास्त्रात आहे. कावळा शिवत नसेल तर दर्भाचा करून शिववायचा. मी मागवलेत. सगळ्यांनी आतच, टेबलवर करू या. एसी लावतो."

ते अगदी मनापासून मदत करत होते. खऱ्या भिंतीच्या जागी खोटी भिंत आणली तेव्हाही करतच होते. मग खऱ्या कावळ्याच्या जागी गवताचा आणायला त्यांना काय अडचण वाटणार? आणि लोक तयार झाले. एकेक जण पान घेऊन टेबलाशी गेला. गवताची गुंडाळी भाताला टेकवली, नमस्कार केला, घड्याळात पाहिलं. कुणाची काही तक्रार नव्हती. मला तेव्हा वाटलं की यांना इमारत वाचवायला सांगणारी मीच मूर्ख. यांचं खऱ्यावाचून काही अडतच नाही.

निर्मलाताई मात्र हलल्या नाहीत. देवस्थळींनी दर्भाचा कावळा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो पाहिला, आणि मला म्हणाल्या, "चल गं."

जिना उतरून त्या बाहेर पडल्या, आणि मेट्रोकडे न वळता इमारतीला वळसा घालून बोळात शिरल्या. मागे मंडळाच्या खानावळीचं स्वयंपाकघर आहे आणि भांडी घासायची मोरी. तिकडून फोटो निघत नाही, म्हणून तिकडे कुणी गेलं नव्हतं. मागची भिंत होती तशीच होती. काही ठिकाणी गिलावा गेलेला, काही ठिकाणी काळा पडलेला, पण बाकीचा तोच, गुलाबी झाक असलेला, त्याच माणसांनी घोटलेला. मी हात लावला. थंड आणि घट्ट. समोरची भिंत फुटताना मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. मोरीच्या खिडकीखाली दगडाची रुंद पट्टी आहे. खरकटं मिळतं म्हणून कावळे बाराही महिने तिथेच असतात.

निर्मलाताईंनी पान ठेवलं. बाजूला होऊन त्या बोलायला लागल्या. "अण्णा, या वर्षी इकडे. पुढे जरा गोंधळ आहे." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला आणि त्याने घारगा उचलला.

मागे पावलं वाजली. देवस्थळी होते. त्यांनाही कुठेतरी वाईट वाटत असावं, नाहीतर ते मागे आले नसते. त्यांनी कावळा पाहिला, मग भिंत पाहिली, वरपासून खालपर्यंत. मग खिशातून मोबाइल काढला आणि भिंतीचा फोटो घ्यायला लागले.

"अरेच्चा, इकडे आपलं लक्षच नव्हतं. फार वाईट दिसतंय हे. फेज टूमध्ये ही बाजू घेऊन टाकू. मॅडम, ह्या वेळी तुम्हीच गाइड करा."

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, मराठी आणि हिंदी दोन्ही. पण निर्मलाताईंनी माझा हात दाबला. त्या देवस्थळींकडे वळल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात. घरच्या माणसाला जेवायची वेळ सांगावी, इतक्या साधेपणाने त्या म्हणाल्या,

"देवस्थळी, इथे हात लावू नका. पुढेमागे तुम्हालाही इथेच यायचंय जेवायला."

देवस्थळींनी मोबाइल खाली घेतला. कावळ्याने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भातात चोच घातली. मग मोबाइल खिशात टाकून ते बोळातून निघून गेले.

फेज टूचा विषय मंडळाच्या कुठल्याही सभेत आजवर निघालेला नाही.